मशिदीपुढे थांबणारी पालखी

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. घरोघरी आणि चौकाचौकांत दहा दिवस विराजमान झालेल्या श्रीगणरायाला निरोप देण्याचा हा दिवस. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या तीरांवर भक्तांची दाटी होते, गुलालाने वाटा रंगतात आणि पुढल्या वर्षी लवकर येण्याची विनवणी करताना लहानथोरांचे डोळे पाणावतात. याच दिवशी जुन्या धुळ्यातून एक पालखी निघते. गजर करीत ती एका मशिदीपुढे येते आणि तेथे थांबते. मुसलमान बांधव सामोरे येऊन श्रींना पुष्पहार अर्पण करतात, आरती होते आणि मगच पालखी विसर्जनाच्या वाटेला लागते.

या गणपतीचे नाव ऐकून बाहेरगावचा मनुष्य दचकतो. त्याला 'खुनी गणपती' म्हणतात. विघ्नहर्त्या देवतेला असे नाव का पडावे? सन १८९५ मध्ये याच वाटेने निघालेली मिरवणूक मशिदीपुढे आली, तेव्हा दोन समाजांत तंटा पेटला. इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे प्राणांस मुकली. तेव्हापासून गणपतीला आणि मशिदीलाही ते नाव चिकटले. पुढे मात्र धुळेकरांनी असे काही केले की ज्या ठिकाणी रक्त सांडले, त्याच ठिकाणी आज फुले पडतात. नाव पालटले नाही; नावामागील भाव पालटला.

सन २०२३ मध्ये तर कालगणनेनेच या दोन समाजांना समोरासमोर आणले. २८ सप्टेंबर रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद, म्हणजे हजरत महंमद पैगंबरांचा जन्मदिवस, एकत्र आले. तेव्हा विसर्जनाला अडथळा नको म्हणून मुसलमान बांधवांनी आपल्या मिरवणुका दुसऱ्या दिवसावर नेल्या आणि महाराष्ट्र शासनाने ईदची सुटीही २९ तारखेला दिली. त्याच वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद २९ जून या एकाच दिवशी आल्या होत्या. तेव्हाही महाराष्ट्रातील अनेक गावच्या मुसलमानांनी एकादशीला कुर्बानी न करण्याचा निर्णय स्वतःहून घेतला.

असा योग का येतो, हे पंचांग पाहणाऱ्या कुटुंबांना सहज उमजेल. इस्लामी वर्ष निव्वळ चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. आपणही महिने चंद्रावर मोजतो. पण अधिक मास धरून ऋतूंशी मेळ घालतो. अरबस्तानातही पूर्वी महिने पुढेमागे सरकवण्याची चाल होती. कुराणाने तिचा निषेध केला. म्हणून इस्लामी सण दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे येतात आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. त्या फेरीत कधी ईद गणेशोत्सवात येते, कधी दिवाळीत, तर कधी आषाढी वारीत.

पालखी मशिदीपुढे थांबते, तेव्हा आपणही क्षणभर थांबून स्वतःला एक प्रश्न विचारावा. या मशिदीतून दिवसातून पाच वेळा ज्यांच्या नावाचा उच्चार होतो, त्या पुरुषाविषयी आपल्याला काय ठाऊक आहे? सहाशे वर्षांहून अधिक काळ आपण एका गावात, एका नदीच्या पाण्यावर राहतो. तरीही शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानाची ओळख आपल्याला बहुधा भांडणाच्या बातमीतूनच होते. हे सश्रद्ध माणसाला शोभत नाही.

पोरके बालक, विश्वासू व्यापारी

इसवी सन ५७०च्या सुमारास मक्केत कुरैश कुळात महंमदांचा जन्म झाला. पिता अब्दुल्ला पुत्राचे मुख पाहण्यापूर्वीच निवर्तले होते. सहाव्या वर्षी माता अमीना गेली. प्रथम आजोबांनी आणि नंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांचा सांभाळ केला. तरुणपणी ते व्यापारी तांड्यांबरोबर जाऊ लागले. व्यवहारातील सचोटीमुळे लोक त्यांना 'अल्-अमीन' म्हणजे विश्वासू म्हणत. खदीजा नावाच्या व्यापारी विधवेने त्यांच्यावर आपल्या मालाचा भार सोपविला आणि पुढे त्यांच्याशी विवाह केला.

मक्केजवळील हिरा पर्वताच्या गुहेत ते चिंतनासाठी जाऊन बसत. सन ६१०च्या सुमारास तेथे त्यांना ईश्वरी संदेश प्राप्त झाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. त्या संदेशातील पहिलाच शब्द 'वाच' या अर्थाचा होता. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते असे परंपरा सांगते, त्यांना ही आज्ञा झाली. एकच ईश्वर आहे, त्याच्यापुढे सर्व माणसे सारखी आहेत आणि प्रत्येकाला आपल्या कर्माचा जाब द्यावा लागेल, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार होते. 'इस्लाम' या शब्दाचा अर्थच ईश्वराला शरण जाणे असा आहे. शरणागतीचे मोल वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मक्केच्या धनिकांनी त्यांचा छळ केला. ताइफ गावच्या लोकांनी तर दगड मारून त्यांना रक्तबंबाळ केले. पण त्यांनी त्या लोकांना शाप देण्याचे नाकारले, असे चरित्रकार सांगतात. हे वाचताना आपल्याला शांतिब्रह्म एकनाथांची क्षमा आठवावी. सन ६२२ मध्ये ते मदिनेस गेले. त्या प्रस्थानापासूनच हिजरी सन मोजला जातो. मदिनेत त्यांनी निरनिराळ्या टोळ्यांना आणि ज्यू लोकांनाही एका कराराने बांधले. पुढे लढाया झाल्या. अखेर सन ६३० मध्ये ते विजयी होऊन मक्केत परतले, तेव्हा वर्षानुवर्षे छळणाऱ्या बहुसंख्य नगरवासीयांना त्यांनी क्षमा केली. त्या दिवशी काबागृहाच्या माथ्यावरून अजान देण्याचा मान बिलाल यांना मिळाला, अशी परंपरा आहे. हे बिलाल हबशी वंशाचे आणि पूर्वाश्रमीचे गुलाम. कुळाचा अभिमान मिरवणाऱ्या त्या नगरीत याहून मोठा उपदेश कोणता असणार? सन ६३२ मध्ये मदिनेस पैगंबरांचे देहावसान झाले.

ऐहिक जीवनावरील ठसा

या धर्माने केवळ उपासनेची रीत पालटली नाही. जन्मलेल्या मुलीला जिवंत पुरण्याच्या अरबी चालीचा कुराणाने धिक्कार केला. संपत्तीतून दरवर्षी ठरावीक हिस्सा गोरगरिबांसाठी काढून देणे, ज्याला 'जकात' म्हणतात, ते प्रत्येक सधन मुसलमानाचे धर्मकर्तव्य ठरले. मद्य आणि व्याज निषिद्ध झाले. पित्याच्या संपत्तीत मुलीला वाटा मिळाला. तो मुलाच्या निम्मा होता, पण सातव्या शतकात तो धर्माज्ञेने निश्चित झाला. आपल्याकडे मुलीचा वारसाहक्क कायद्याने सन १९५६ मध्ये मान्य झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. आपल्या माहेरवाशिणींनी यावर अवश्य विचार करावा.

पैगंबरांच्या पश्चात शंभर वर्षांच्या आत त्यांच्या अनुयायांची सत्ता स्पेनपासून सिंधपर्यंत पोहोचली. आज जगातील सुमारे चौथा हिस्सा लोक हा धर्म मानतात. परंतु राज्यविस्ताराहून मोलाची आणखी एक गोष्ट घडली. आठव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या आश्रयाने भारतीय ज्योतिष अरबीत गेले. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मी याने हिंदूंच्या अंकगणितावर ग्रंथ लिहिला. पुढे ही विद्या लॅटिन भाषांतरांतून युरोपात पोहोचली. शून्यासह आपले अंक जगाला मिळाले, ते अरबांच्या हातून.

येथे खानदेशाने अभिमानाने स्मरावे असे एक स्थळ आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीच्या परिसरात यादवकाळातील एक शिलालेख मिळाला. तो इ. स. १२०७च्या सुमाराचा आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, असे त्यावरून कळते. याच भास्कराचार्यांची 'लीलावती' सन १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजी याने फारसीत उतरविली. हाच फैजी पुढे १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या दरबारी आला. सह्याद्रीच्या कुशीतील मठात जिची उपासना झाली, ती विद्या अशी मुसलमान पंडिताच्या लेखणीने दूरदेशी गेली.

तापीकाठची सहाशे वर्षे

खानदेशात इस्लामी राजवट स्थिरावली ती शिरपूर तालुक्यातील थाळनेर येथे. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने सन १३७० मध्ये मलिक राजा याला हा मुलूख दिला. हे घराणे स्वतःला पैगंबरांचे निकटचे सहकारी आणि दुसरे खलिफा हजरत उमर फारूक यांचे वंशज म्हणवी. म्हणून त्याचे नाव फारूकी. थाळनेरला तापीकाठी आजही त्यांच्या कबरी उभ्या आहेत. मलिक राजाचा पुत्र नसीरखान याने असीरगड घेतला आणि तापीतीरी बऱ्हाणपूर वसविले. हे नाव त्याने कोणा राजाचे दिले नाही. खुलताबादेस चिरविश्रांती घेत असलेल्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी सत्पुरुषाचे दिले. फारूकींचे राज्य १६०१ पर्यंत टिकले. त्या वर्षी अकबराने असीरगड घेतला.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी ते जुन्या खानदेशाचे राजधानीचे नगर. तेथील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. राजा अली खान फारूकी याच्या काळातील या लेखाच्या आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन आहे, राजवंशाची नामावळी आहे, आणि मशिदीचा काळ विक्रम संवत १६४६ व शके १५११ असा, तिथिनक्षत्रांसह दिला आहे. अल्लाच्या प्रार्थनागृहाचा मुहूर्त पंचांगाच्या भाषेत! मशीद उभारणाऱ्याला त्यात संकोच वाटला नाही आणि श्लोक रचणाऱ्या पंडितालाही वाटला नाही.

आता आपल्या देवघराकडे वळू. बाप्पांपुढे आपण जे मांडतो, त्यातील किती शब्द दूरदेशीचे आहेत! अबीर, अत्तर, तबक आणि कंदील हे शब्द मूळचे अरबी. गुलाल आणि गुलाब फारसी. मंदिरात झडणारा नगारा अरबी नावाचा आणि मंगलसमयी वाजणारी सनई फारसी नावाची. उत्सव आटोपल्यावर मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीचा 'हिशोब' आणि 'जमाखर्च' मांडतात, तेही त्याच भाषांच्या साह्याने. जिल्हा, तालुका, तहसील, वकील, जमीन हे शब्द वगळून खानदेशातील शेतकऱ्याला एक दिवस तरी बोलता येईल काय?

मराठेशाहीच्या पत्रांत इस्लामी महिन्यांच्या तारखा आणि अरबी अंकनामांनी लिहिलेला सुहूर सन सर्रास आढळतो. त्या सनाचे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. अरबी नावाचा सन आणि आरंभ आपल्या पेरणीच्या नक्षत्राला, असा हा मेळ होता. फारसीचा पगडा इतका वाढला, की छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यकारभारासाठी संस्कृत पर्यायांचा राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. मराठीवरील या प्रभावाचा कसून अभ्यास करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे १९२७ मध्ये स्थापन झाले.

इतिहासाची दुसरी बाजू

येथे कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, 'हे सारे खरे; पण आक्रमणे झाली, देवळे फुटली, त्याचे काय?' हा प्रश्न टाळण्यात प्रामाणिकपणा नाही. सुलतानांच्या आणि बादशहांच्या सैन्यांनी मंदिरे पाडली, मूर्ती भंगल्या, जिझिया वसूल झाला. ते दुःख कल्पित नाही आणि ते विसरा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु राज्यतृष्णेने पेटलेल्या सत्ताधीशाची करणी हीच त्याच्या धर्माची ओळख मानली, तर जगातील कोणता धर्म निर्दोष ठरेल? सुलतानाच्या पापाचा जाब पांझरेकाठच्या विणकराला किंवा जळगावच्या हमालाला विचारणे हा न्याय नव्हे.

शिवाय जखमा केवळ जुन्या नाहीत. धुळे शहराने २००८ मध्ये दंगल पाहिली आणि जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा पाहिली. दुसऱ्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली. म्हणजे १८९५चा धडा एकदाच शिकून भागत नाही. पालखी दरवर्षी थांबवावी लागते, फुले दरवर्षी वाहावी लागतात. एका वर्षीही कोणी चुकून पुढे रेटले, तर जुने नाव पुन्हा शब्दशः खरे होण्यास वेळ लागणार नाही.

धुळ्याच्या तुरुंगातील दोन साधक

मग सश्रद्ध हिंदूने करावे तरी काय? याचे उत्तर धुळ्याच्याच भूमीत सापडते. सन १९३२. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत धुळ्याचा तुरुंग सत्याग्रहींनी भरला होता. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, अठरा रविवारी, विनोबांनी तेथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. श्रोत्यांत बसून ती उतरून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज अनेक घरांत नित्यपाठात आहे. तो गुरुजींच्या त्या तत्पर लेखणीमुळे आपल्या हाती आला.

पण या दोघा गीताभक्तांच्या जीवनातील पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. विनोबांनी कुराणाचे वर्षानुवर्षे मूळ अरबीतून अध्ययन केले आणि निवडक वचनांचे विषयवार संकलन करून 'कुराण-सार' सिद्ध केले. सन १९६२ मध्ये ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून पायी गेले, त्या सुमारास ते संकलन लोकांपुढे आले. साने गुरुजींनी पैगंबरांचे चरित्र मराठीत लिहिले. त्याचे नाव 'इस्लामी संस्कृती'. अमळनेरच्या शाळेत मुलांना मातेच्या मायेने वाढवणारे, १९३६च्या फैजपूर काँग्रेससाठी खानदेशात झिजणारे, आणि पंढरीच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ मध्ये उपोषण करणारे हेच ते गुरुजी. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या हाताने पोरक्या महंमदाची कथाही तितक्याच जिव्हाळ्याने लिहिली.

या दोघांनी आपला धर्म सोडला काय? मुळीच नाही. विनोबांची गीता सुटली नाही आणि गुरुजींचा विठ्ठल दुरावला नाही. उलट गीतेतील समदर्शन त्यांच्या अंगी इतके मुरले होते, की दुसऱ्याचा धर्मग्रंथ हाती घेताना त्यांना भीती वाटली नाही. ज्याची स्वतःच्या देवावरील निष्ठा पक्की असते, त्याला शेजाऱ्याच्या देवाचा धाक वाटत नाही. आणि ज्ञानदेवांनी पसायदान मागितले, ते तर साऱ्या विश्वासाठी.

येथे एक विवेक मात्र राखावा. आदर म्हणजे दोन धर्म एकच आहेत असे भासविणे नव्हे. आपण मूर्तीत देव पाहतो. इस्लाम मूर्तिपूजा मानत नाही. इतकेच काय, पैगंबरांचे चित्र काढणेही बहुतेक मुसलमान निषिद्ध मानतात. म्हणून आपल्या घरी सद्भावाने जरी त्यांची तसबीर लावली, तरी शेजाऱ्याच्या मनाला क्लेश होतील. आदर करायचा तर समोरच्याला मानवेल अशा रीतीने करावा. मशिदीपुढे पालखी थांबते ती याच जाणिवेने, आणि पालखीला हार घालणारा मुसलमानही आपली निष्ठा न सोडता याच जाणिवेने पुढे येतो.

यंदाच्या उत्सवात

गणपती ही विद्येची देवता. कोणत्याही विद्येचा आरंभ तिच्या वंदनाने होतो. मग शेजाऱ्याला जाणून घेणे ही विद्या नव्हे काय? या दहा दिवसांत सायंकाळची आरती झाल्यावर कुटुंबातील वडिलधाऱ्यांनी मुलांना जवळ बसवावे. अष्टविनायकांच्या कथांबरोबर एखाद्या दिवशी मक्केतील त्या पोरक्या मुलाची कथाही सांगावी. साने गुरुजींचे पुस्तक ग्रंथालयातून आणून त्यातील चार पाने वाचावीत. शक्य झाल्यास शेजारच्या मुसलमान कुटुंबाला प्रसादासाठी बोलवावे, आणि ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचे बोलावणे आले तर आनंदाने जावे. यासाठी सभा नको, ठराव नको आणि खर्च तर मुळीच नको.

अनंत चतुर्दशीला पालखी पुन्हा निघेल. मशिदीच्या दारी ती थांबेल, तेव्हा भक्तांच्या गर्दीत आपली मुलेही उभी असतील. 'आपला बाप्पा येथे का थांबतो?' असे त्यांनी विचारले, तर त्यांना १८९५ची हकिकत सांगावीच. पण तेवढ्यावर थांबू नये. येथून दिवसातून पाच वेळा कोणाच्या नावाचा उच्चार होतो आणि त्या पुरुषाने जगाला काय दिले, हेही सांगावे. विघ्नहर्त्याने हरावे असे आज आपल्यातील सर्वांत मोठे विघ्न कोणते असेल, तर ते एकमेकांविषयीचे अज्ञान होय. ते दूर करण्याची बुद्धी बुद्धिदात्या गजाननाने आपणां सर्वांना द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.